बाबांना नक्की काय होतं

गिरगाव
३ फेब्रुवारी २०२५

ताई,

नमस्कार पहिल्याच ओळीत घालते, म्हणजे पुढे भांडायला मोकळी.

फोनवर आपल्या दोघी बहिणींचं दहा मिनिटांच्या वर जमत नाही हे गणपतीत पुन्हा सिद्ध झालं, म्हणून तुझ्या अटीप्रमाणे पत्र. बसने तुझ्याकडे यायला पाऊण तास लागतो आणि पत्राला तीन दिवस. तेवढ्यात राग निवतो, हे तुझं म्हणणं खरं असावं.

बातमी अशी की मी डोळे तपासायला जाणार आहे. हसू नकोस. पासष्ट वर्षांत पहिल्यांदा. वाचायला लागतो तो चष्मा मी नाक्यावरच्या दुकानातून तयार घेते, बाकी मला कधी कशाची गरज पडली नाही, तुला ठाऊकच आहे. पण स्पृहाला ऑफिसात कुणीतरी सांगितलं की साठीनंतर डोळ्यांची पूर्ण तपासणी करायलाच हवी, आणि सूनबाईंनी लगेच इथल्याच एका दवाखान्यात वेळ घेतली. वीस तारीख, गुरुवार, सकाळी दहा. ती रजा काढून सोबत येणार, विनीत गाडीने सोडणार. यांनी तर आत्ताच काळा गॉगल आणून ठेवलाय, कारण तिथे डोळ्यांत थेंब घालतात आणि मग तीन-चार तास उजेड सोसत नाही म्हणे. तो गॉगल लावून हे स्वतःच आरशासमोर अर्धा तास उभे होते, ते वेगळं.

तू यातली जुनी खेळाडू. नवव्या वर्षापासून चष्मा. तेव्हा तयारी काय करायची ते लिही. काजळ घालून गेलं तर चालतं का? काजळाशिवाय मी उंबरा ओलांडलेला नाही.

आणि एक. तो दवाखाना आधी फॉर्म भरून मागतो. त्यात प्रश्न आहे, आई-वडील, भावंडं यांच्यापैकी कुणाला डोळ्यांचा आजार होता का? मी म्हटलं, बाबांना शेवटी दिसत नव्हतं, मोतीबिंदू असेल. स्पृहा म्हणाली, ‘असेल’ नाही चालत, मावशींना नक्की विचारा. त्यांचे कागद तुझ्याकडेच आहेत. तर बाबांना नक्की काय होतं?

लवकर लिही. फॉर्म त्या एका प्रश्नाशी अडलाय.

तुझी देवी


हिंदमाता, दादर
८ फेब्रुवारी २०२५

देविका,

आशीर्वाद आहेतच. ते मागून मिळत नाहीत आणि नको म्हटल्याने चुकत नाहीत.

पत्र मिळालं. अक्षर तुझं पहिल्यापासून दिव्य, आता ओळीही उतरणीला लागल्यात. डावीकडे समास कुठे आहे, कुठे नाही. दोन शब्द तर अर्धे कागदाबाहेर गेलेत. लिहिताना लक्ष कुठे असतं तुझं?

सून रजा काढणार, मुलगा गाडीने सोडणार, नवरा गॉगल आणणार. तपासणीला निघाली आहेस की वरातीला? मी दर वर्षी परळला एकटी जाते. थेंब घालून झाले की बाकावर बसते. नीट दिसायला लागेपर्यंत दुपार होते. दिसायला लागलं नाही तर स्टॉपवर कुणालातरी बसचा नंबर विचारते. लोक सांगतात. एकदा एकाने चुकीचा सांगितला आणि मी शिवडीला पोचले, पण घरी आले शेवटी.

तयारी विचारलीस म्हणून सांगते. काजळ नको, अजिबात नको. नाक्यावरचा तो चष्मा बरोबर ने, डॉक्टर हसतील पण ने. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची नावं कागदावर लिहून घे. नीट खाऊन जा, तिथे वेळ लागतो. आधी पाटीवरची अक्षरं वाचायला लावतात, मग डोळ्यातला दाब बघतात, मग थेंब, मग आतलं सगळं. दुखत काही नाही. तू उगाच ओरडून सगळ्यांना गोळा करू नकोस.

जुनी खेळाडू म्हणालीस, ते बरं केलंस. नवव्या वर्षी चष्मा लागला त्या दिवसापासून आपल्या आळीत मी ‘ढापणी’ आणि तू ‘घारी’. तुझा फोटो फोटोवाल्याने दुकानाच्या काचेत आठ वर्षं लावून ठेवला होता. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवायला न्यायचे आणि मी बरोबर असले तर माझा हात धरून उभे राहायचे, डोळे मात्र काचेकडे. मला बघायला लोक आले की बाबा म्हणायचे, सुमा, चष्मा काढून बस. चार स्थळं आली. चौघांतल्या एकाचंही तोंड मला धड दिसलं नाही. त्यातल्या दोघांनी जाताना तुझी चौकशी केली, हे मात्र मला नीट ऐकू आलं.

असो. बाबांना म्हातारपण होतं. ऐंशीच्या घरात गेलेल्या माणसाला दिसेनासं होतं, त्यात विशेष काय? मोतीबिंदू लिही. कागद माळ्यावर आहेत आणि माझे गुडघे माळ्यावर चढत नाहीत.

सुमती


गिरगाव
१४ फेब्रुवारी २०२५

ताई,

तुझं पत्र वाचून आधी रागावले, मग हायसं वाटलं. रागावले ते शिवडीचं वाचून. मला एक फोन केला असतास तर मी आले नसते का? पण तू कधी कुणाला बोलावणार नाहीस आणि मग कुणी आलं नाही म्हणून हिशेब ठेवणार.

हायसं वाटलं ते बाबांचं वाचून. मोतीबिंदू काय, सगळ्यांनाच होतो. फॉर्ममध्ये तसं लिहिलं आणि स्पृहाने दवाखान्यात फोन करून विचारलं, पुढे ढकललं तर चालेल का? तिथली मुलगी म्हणाली, काही तक्रार नसेल आणि घरात तसं काही नसेल तर तुमच्या सोयीने या. मी लगेच वीस तारीख रद्द केली. यांच्या पुतण्याचं, सिद्धांतचं, तेवीसला लग्न आहे. ऐन लग्नात ती थेंबांची कटकट कोण मागे लावून घेणार? आता दिवाळीनंतर बघू. स्पृहाचं तोंड एवढंसं झालं. तिने रजा टाकली होती ना.

मला आपलं वाटतं, माझे डोळे आईकडून आले. बाबांचं सगळं तुझ्यात उतरलं. नाक, चष्मा आणि हट्ट.

परवा साखरपुड्यात नवऱ्यामुलीच्या आजीने मला विचारलं, तुम्ही रंगीत लेन्सा लावता का हो? या वयात. मी म्हटलं, नाही, देवाने दिलेत तेच आहेत. हे शेजारी उभे राहून असे हसत होते, जणू यांनीच दिलेत.

लग्नाला ये. मोतिया रंगाची पैठणी नेसणार आहे मी, हिंदमातालाच घेतली, तुझ्या घरापासून दोन मिनिटांवर. घाईत होतो म्हणून वर आले नाही.

तुझी देवी


हिंदमाता, दादर
२० फेब्रुवारी २०२५

देविका,

दोन मिनिटांवर आलीस आणि वर आली नाहीस, हे लिहून कळवायची काही गरज नव्हती.

तपासणी रद्द केलीस, तुझं तू बघ. ज्या डोळ्यांची पासष्ट वर्षं वाहवा झाली त्यांना डॉक्टर आणखी काय सांगणार? वाटलं तर जाऊन ये. नाही वाटलं तर राहू दे.

लग्नाला येणार नाही. गुडघे.

सुमती


गिरगाव
१७ मार्च २०२५

ताई,

तुझं चार ओळींचं पत्र तीनदा वाचलं. त्यात राग होता तेवढा कळला, बाकीचं काही कळलं नाही. महिनाभर मीही लिहिलं नाही. पण आज मन भरून आलंय आणि तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

लग्नात माझी शोभा झाली. यांच्या मामेबहिणीची सून वैशाली, शांत मुलगी आहे, ती माझ्या डाव्या बाजूला हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी होती. चांगली दोन-तीन मिनिटं. मी तिच्याकडे बघितलंच नाही. मला दिसलीच नाही ती. मी उजवीकडच्या बायकांशी गप्पा मारत राहिले आणि ती पाणी भरल्या डोळ्यांनी मागे गेली. झालं, जेवणाच्या पंगतीपर्यंत बातमी पोचली. घारीला गर्व झालाय, साधं कुंकू लावून घेत नाही. वैशाली बौद्ध घरातली, प्रेमविवाह करून आलेली. आधीच ती बिचकून असते. तिला वाटलं मी मुद्दाम केलं. मी हात जोडून माफी मागितली, पण तिच्या डोळ्यांत दिसत होतं की तिचा विश्वास बसला नाही. ताई, मी कशीही असेन, अशी नाही ना ग?

घरी आल्यावर हे म्हणाले, हल्ली तू डावीकडच्या माणसांशी बोलतच नाहीस. थट्टा केली त्यांनी, पण मला ती लागली. तशी माझी धांदलच चाललीय. चहा कपात ओतते तो बशीत जातो. दाराच्या कडेवर डावा खांदा आपटून काळानिळा झालाय. गेल्या मंगळवारी फूटपाथवरून उतरले तर स्कूटरवाला अंगावरच आला. कुठून आला कळलं नाही. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. स्पृहा म्हणते डोळे दाखवा, पण मी सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवते. मग डोळ्यांचा काय दोष? वय झालं, दुसरं काय.

एवढं वाचून तरी दोन गोड शब्द लिही.

देवी


हिंदमाता, दादर
२१ मार्च २०२५

देविका,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर तुझी तपासणी झालेली असेल. काल तुझं पत्र वाचून संपवलं आणि स्पृहाला फोन केला. तिला सांगितलं, तुझ्या सासूच्या वडिलांना काचबिंदू होता, फॉर्ममध्ये तो शब्द लिही आणि मिळेल ती पहिली वेळ घे. तिने मला एकही उलटा प्रश्न विचारला नाही. चांगली सून मिळाली तुला. तेही मला बघवत नाही.

आता उरलेलं, जे फोनवर सांगायची माझी छाती नाही.

काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस सुकत जाते आणि कडेकडेने दिसेनासं होतं. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं सगळं स्वच्छ दिसतं. सुईत दोराही ओवता येतो. बाबांचं असंच सुरू झालं. ताटात उजवीकडे ठेवलेली आमटीची वाटी त्यांना दिसायची नाही आणि आमटी वाढलीच नाहीस म्हणून माझ्यावर चिडायचे. मी त्यांना दवाखान्यात नेलं तोवर अर्ध्याच्या वर गेलं होतं. त्याच दिवशी डॉक्टरांनी मला सांगितलं की हा आजार घरात उतरतो, मुलांनी दर वर्षी तपासून घ्यायला हवं. मुलांनी, म्हणजे तूही. मी दर वर्षी परळला जाते ती चष्म्याचा नंबर काढायला नाही. माझ्यात अजून काही सापडलेलं नाही. तुला मी एकोणीस वर्षांत एका शब्दाने बोलले नाही.

बाबा म्हणाले होते, देवीला सांगू नकोस, घाबरेल. मी घाबरेन की नाही हा विचार त्यांनी केला नाही. त्यांचा शब्द मी पाळला. पण बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. त्यानंतरचं गप्प बसणं माझं एकटीचं आहे.

का, ते लिहिते. वाचायला चांगलं वाटणार नाही. सात वर्षं सकाळ-संध्याकाळ मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले. एक थेंब कधी गालावर पडू दिला नाही. तू विचारलंस तेव्हा थंडाव्याचे आहेत म्हणून सांगितलं. तू रविवारी चारला यायचीस, गजरा माळून, आणि बाबा हळूच मला विचारायचे, देवीने आज कुठली साडी नेसलीय ग? मी त्यांच्या कानात रंग सांगायचे. मग ते तुला म्हणायचे, हिरवा तुला शोभतो हो. माझ्या साडीचा रंग त्यांनी सात वर्षांत एकदाही विचारला नाही. त्यांची माया तू घेऊन गेलीस. माझ्या वाट्याला त्यांचा आजार तेवढा आला होता, आणि त्यात मी तुला वाटा देणार नव्हते.

याहून वाईट आहे तेही लिहिते. तुझ्या डोळ्यांना कधीतरी काहीतरी व्हावं असं मला वाटलं आहे. मोठं काही नाही, जाड भिंगांचा चष्मा लागावा, एवढंच. पण वाटलं आहे, आणि एकदा नाही. तुझ्या पहिल्या पत्रातला तो सुटलेला समास पाहिला तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. तरी ‘मोतीबिंदू लिही’ असं लिहिताना माझा हात अडला नाही. कागद माळ्यावर नाहीत. माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली आहेत. स्पृहाला पाठव, देते.

वैशालीला खरं काय ते सांग. तिचा काही दोष नाही, आणि तुझाही नव्हता.

सुमती


गिरगाव
२ एप्रिल २०२५

ताई,

तुझं पत्र आठ दिवस उशीखाली होतं. यांना दाखवलं नाही, स्पृहालाही नाही. हे पत्र मी पट्टी ठेवून लिहितेय, म्हणून समास सरळ आहे. बघून घे.

दोन्ही डोळ्यांत दाब आहे. डाव्यात जास्त. अर्ध्या भांड्यासारख्या एका यंत्रात तोंड घालून बसवलं आणि ठिपका दिसला की बटण दाबायचं, असं सांगितलं. मी बसले. बराच वेळ ठिपका येईना. मला वाटलं यंत्र बंद पडलं, म्हणून मी त्या मुलीला हाक मारली. ती म्हणाली, आजी, ठिपके येतायत. तेव्हा मला कळलं.

गेलं ते परत येणार नाही. उरलं आहे ते थेंबांनी टिकेल, असं डॉक्टर म्हणतात. त्यांनी विचारलं, वडिलांना होता, मग इतकी वर्षं तुम्ही होतात कुठे? मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. तुझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही ते माझं मलाच समजत नाही, कारण तोंडावर आलं होतं.

वैशालीला घरी बोलावून सांगितलं. ती माझ्या डाव्या बाजूला बसली होती, उठून उजवीकडे येऊन बसली आणि माझा हात धरून ठेवला. तिने मला दोन मिनिटांत माफ केलं. तुला मी केलेलं नाही. वाट बघू नकोस.

साडीचा रंग तू सांगायचीस, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, बाबांना बाकी काही दिसत नसलं तरी माझी साडी दिसते. तेही तू काढून घेतलंस. मत्सराचं तू मला शिकवतेस? मी रविवारी आले की बाबांचं पहिलं वाक्य काय असायचं, आठव. सुमती कुठे गेली? मी समोर बसलेली आणि त्यांचे कान तुझ्या चपलांकडे. पाणी मी दिलं तर आधी विचारायचे, सुमतीने भरलंय ना? दोन तास मी नटूनथटून एका आंधळ्या माणसासमोर बसायचे, ज्याला फक्त तू हवी असायचीस. खाली उतरल्यावर रडायचे मी, यांना विचार. घाऱ्या डोळ्यांचा काय उपयोग होता तिथे? तेव्हा मला तुझ्या जागी यायचं होतं, ताई. आता आले बघ, बाबांच्या जागी. झालं समाधान?

थेंब सकाळी आठला आणि रात्री आठला घालायचे आहेत, जन्मभर. यांचा हात थरथरतो. स्पृहा घालायला येते, पण मला दुखेल म्हणून तीच आधी डोळे मिटते. माझे मला जमत नाहीत. गेले आठ दिवस निम्मं औषध गालावरून पदरावर जातंय आणि डॉक्टरांनी बजावलंय की एकही वेळ चुकता कामा नये.

पंधरा दिवसांचे कपडे घेऊन ये. स्पृहा शनिवारी गाडी घेऊन येईल, तिच्याबरोबर ये. कागदही आण. मी तुझ्याशी बोलणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. तू बाटली हातात घेऊन समोर उभी राहिलीस की डोळे तेवढे उघडे ठेवीन.

देवी